मूल गळते की शाळा गळते?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत गुणगौरव सोहळ्यांची लगबग सुरू होते. अमरावती-अकोल्याकडे तर हा आता वार्षिक उत्सवच झाला आहे. विहारासमोर मंडप पडतो, त्रिसरण-पंचशील होते, तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पमाला अर्पण केली जाते आणि मग यादीतील एकेक नाव पुकारले जाते. पेन, शब्दकोश, स्मृतिचिन्ह. पहिल्या रांगेत आई बसलेली असते. तिने त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते आणि ठेवणीतले लुगडे काढलेले असते. हे सर्व योग्यच आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला हात लावू दिला नाही, त्याने आपल्या लेकरांच्या गुणांचा सोहळा करू नये तर कोणी करावा?

परंतु त्याच वेळी त्याच वस्तीतील काही मुले मंडपाकडे फिरकत नाहीत. ती पानठेल्याच्या मागे उभी असतात, किंवा मामाच्या गावी निघून गेलेली असतात. त्यांच्या नावांची यादी कोणाजवळ नसते. नावे नसली तरी विशेषणे मात्र पुष्कळ असतात. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘बह्याड’, ‘वाया गेलेलं पोट्टं’, ‘ढकलपास’, ‘सतरा नंबरवाला’. सरकारी कागदावर हीच मुले ‘गळती’, ‘शाळाबाह्य’, ‘अप्रगत’ अशा रकान्यांत जाऊन बसतात. बोली निराळी, पण काम एकच. या शब्दांनी मुलाची ओळख पुरी होते आणि पुढे कोणी काही विचारण्याचे कारण उरत नाही.

या लेखात त्या शब्दांचाच विचार करावयाचा आहे. मी स्वतः प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवले असल्यामुळे हा विचार करताना मी काही न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेला नाही. यातले बरेच शब्द मीही वापरलेले आहेत.

आरंभ बाबासाहेबांपासून करणे प्राप्त आहे. १९२७ साली ते मुंबई विधिमंडळाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत त्यांनी एक हिशेब सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत अवघी अठरा पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. हे आकडे आपल्यापैकी अनेकांना पाठ असतील. पण त्यांनी पुढे काय केले याकडे आपले लक्ष जात नाही. ब्याऐंशी मुले आळशी आहेत, त्यांच्या आईबापांना शिक्षणाची गोडी नाही, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी सरकारच्या तिजोरीकडे बोट दाखवले. दारूवरील करातून सरकार लोकांकडून जेवढे पैसे काढते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्रश्न मुलाला नव्हे, शाळा चालविणाऱ्याला विचारायचा असतो, हा पहिला धडा तेथे आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीला इंद्रभुवन थिएटरमधील परिषदेला आले होते, हे वऱ्हाडातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा तो प्रश्न होता. मंदिराच्या दाराची आठवण आपण जपली. शाळेच्या दारातून आत जाऊन चौथीच्या आत बाहेर पडणाऱ्या ब्याऐंशी मुलांची आठवण तितकी जपली नाही, असे मला वाटते.

दोन वर्षांनी, १९२९ साली, हार्टोग समितीचा अहवाल आला. आज आपण ज्याला ‘गळती’ आणि ‘स्थगिती’ म्हणतो त्या कल्पना या अहवालामुळे शिक्षणखात्याच्या बोलण्यात रुजल्या. मूल मधेच शाळा सोडते ती गळती. एकाच वर्गात वर्षानुवर्षे बसते ती स्थगिती. या दुखण्यावर समितीचा भर होता तो शाळा झपाट्याने वाढविण्याऐवजी आहेत त्या सुधारण्यावर आणि एकत्रित करण्यावर. बाबासाहेब अधिक पैसा मागत होते आणि समिती हात आवरायला सांगत होती. शब्द तिचा टिकला.

आता ‘गळती’ या शब्दाचे व्याकरण पाहा. माठ गळतो, छप्पर गळते, नळ गळतो. पाणी गळाले असे आपण म्हणतो खरे, पण दुरुस्ती करायला बसतो ती माठाची. पाण्याला कोणी बोल लावत नाही. शाळेच्या बाबतीत नेमके उलटे घडते. मूल गळाले की चौकशी मुलाची होते, त्याच्या बापाच्या दारूची होते, आईच्या अडाणीपणाची होते. माठाला भोक कोठे आहे ते पाहण्यास कोणी वाकत नाही.

ते भोक कोठे असते ते शिक्षक या नात्याने सांगतो. खेड्यातील बहुसंख्य प्राथमिक शाळा द्विशिक्षकी असतात. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणेही साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. पहिली ते चौथी म्हटले तरी एका शिक्षकाच्या वाट्याला दोन वर्ग येतात. पहिलीला अक्षर गिरवायला लावून दुसरीला शिकवायचे, मग दुसरीला गणिते देऊन पहिलीकडे वळायचे. म्हणजे मूल दिवसाचे पाच तास शाळेत असले तरी त्याच्या वाट्याला शिक्षक येतो अडीच तास. त्यातून एक शिक्षक बैठकीला गेला, माहिती भरायला तालुक्याला गेला, निवडणुकीच्या कामाला लागला, की उरलेला शिक्षक चार वर्गांचा राखणदार होतो. ज्या घरात आई-वडील किंवा मोठी बहीण वाचणारी आहे, तेथे ही तूट संध्याकाळी भरून निघते. ज्या घरात ती भरून काढणारे कोणी नाही, त्या घरचे मूल दुसरीच्या शेवटी अक्षरे ओळखते, पण वाक्य वाचू शकत नाही.

तिसरीपासून पुस्तक गृहीत धरते की मुलाला वाचता येते. इतिहास, परिसर, गणितातील तोंडी उदाहरणे, सगळे वाचून समजून घ्यायचे. येथून ते मूल रोज थोडे थोडे मागे पडते. पाचवीत ते मागच्या बाकावर सरकते, कारण पुढे बसले तर उठून वाचावे लागते. सहावीत ते दंगा करू लागते. वाचता येत नाही हे उघडे पडण्यापेक्षा छडी खाणे त्याला सोपे वाटते. मग गुरुजी त्याला ‘वाह्यात’ म्हणतात. आठवीत ते आठवड्यातून दोन दिवस येते. नववीत नाव तेवढे पटावर असते. दुसरीत जी गोष्ट दोन महिन्यांच्या लक्षपूर्वक शिकवण्याने सुटली असती, तिच्यावर चौदाव्या वर्षी ‘बुद्धी नाही’ असा निकाल लागतो. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. निम्म्याहून अधिक मुले एकाच वेळी ‘ढ’ जन्माला येतात असे मानणारा मनुष्य विचार करत नाही, एवढेच म्हणावे लागेल.

‘ढकलपास’ या शब्दाचा इतिहास फार जुना नाही. बालकांचा शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणालाही नापास करून मागे ठेवायचे नाही, असे त्यात होते. लोकांनी एवढेच ऐकले. वस्तुतः त्याच कायद्यात आणखी दोन गोष्टी होत्या. मुलाचे वर्षभर सतत मूल्यमापन करावे आणि जे मागे आहे त्याला शिक्षकाने जादा शिकवावे. जे मूल कधी शाळेत गेलेच नाही किंवा मधेच सुटले, त्याला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे. नापास न करणे फुकट होते, ते लगेच अमलात आले. जादा शिकवण्याला माणसे आणि वेळ लागत होता, तो भाग कागदावर राहिला. मग नऊ वर्षांनी म्हणायचे की नापास न केल्यामुळे मुले बिघडली! २०१९ साली कायदा दुरुस्त झाला, पाचवीत आणि आठवीत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम त्याप्रमाणे बदलले. म्हणजे औषधाची अर्धी मात्रा दिली, गुण आला नाही, आणि शेवटी रोग्यालाच दोष दिला.

मला आठवते, एका शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात शून्य. मी त्याला सर्वांसमक्ष ‘दगड’ म्हणत असे. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीचे दिवस होते आणि अर्धा वर्ग वावरात होता. मी पट भरण्यासाठी मुले गोळा करायला निघालो, तो हा पठ्ठ्या धुऱ्यावर काट्याजवळ उभा. मजूर बायांची गाठोडी तोलली जात होती आणि किलोच्या भावाने प्रत्येकीची मजुरी तो तोंडी सांगत होता. साडेतेवीस किलो, पावणेअठरा किलो, काहीही असो. मालकाने एका बाईचे दोन किलो कमी धरले तर त्याने ते तेथेच पकडले. मी कागद-पेन्सिल काढून पडताळून पाहिले. त्याचा हिशेब बरोबर होता. त्याची अडचण अशी होती की माझे गणित छापील वाक्यात असे, आणि ते वाक्य त्याला वाचता येत नसे. त्याला मी गणित शिकवत होतो, वाचन नव्हे. तो पुढे सातवीतून सुटला. माझ्या शिव्या त्याला कारण झाल्या की वेचणी, हे आता सांगता येणार नाही. दोन्ही असावीत.

मेळघाटात हा प्रकार अधिक उघडपणे दिसतो. धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू मुले घरी कोरकू बोलतात. ही भाषा मराठीच्या कुळातील नाही, हिंदीच्याही नाही. ती मुंडारी-संथाली भाषांच्या कुळातली आहे. आपण ज्याला पाणी म्हणतो त्याला कोरकूत ‘डा’ म्हणतात. असे सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी शाळेत येते आणि गुरुजी मराठीत बोलू लागतात. ते गप्प बसते. दुसऱ्या दिवशीही गप्प बसते. तपासणीला आलेले साहेब शेरा मारतात की मुले बुजरी आहेत, प्रतिसाद देत नाहीत. आपल्यापैकी कोणालाही उद्या तामिळ शाळेत बसवले तर आपणही बुजरेच ठरू. त्यातच दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे कामासाठी खाली उतरतात आणि होळीच्या सणाला परततात. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि एप्रिलात परीक्षा. मधले महिने त्या मुलाने कोठे काढले याची नोंद हजेरीपटावर ‘गैरहजर’ या एका शब्दात होते. मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ‘शक्यतोवर’ या शब्दासह. त्या एका शब्दाने किती मुलांना मुके केले असेल!

ज्यांच्यावर शिक्का जन्माआधीच बसला त्यांची गोष्ट तर निराळीच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि पुढे त्याचा विस्तार होत गेला तसा, इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ साली ३१ ऑगस्टला तो कायदा गेला. पण फासेपारध्याचे मूल शाळेत आले की शेजारच्या मुलाची पेन्सिल हरवताच नजर कोणाकडे वळते, हे शिक्षकांना ठाऊक आहे. अशा शाळेतून ते मूल ‘गळते’ म्हणायचे की हाकलले जाते? अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी २०१२ साली या मुलांसाठी शाळा काढली. ते स्वतः त्याच समाजातील. जिल्हा परिषदेच्या शाळेतील नोकरी सोडून त्यांनी भीक मागत फिरणारी मुले गोळा केली आणि लोकवर्गणीवर शाळा उभी केली. शाळेचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. ज्या मुलांना सगळीकडे उत्तर म्हणून ‘चोर’ हा एकच शब्द मिळत होता, ती तेथे वाचू-लिहू लागली. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्या शाळेचाच काही भाग गेला. रस्त्याला जागा हवी तेव्हा तो शाळेवरून जातो, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

मुलींविषयी वेगळे सांगावे लागेल. मुलीला ‘ढ’ म्हणण्याची तसदीही फारशी कोणी घेत नाही. ती सातवी-आठवीनंतर येईनाशी होते. पुढची शाळा शेजारच्या गावी, एस.टी. वेळेवर नाही, धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नाही, खारपाणपट्ट्यातील गावात पाण्याच्या खेपा आहेत, सोयाबीनची सोंगणी आहे, वेचणी आहे. वर्गात ती शांत असते, वही नीट ठेवते, म्हणून तिच्या जाण्याने कोणाची सोय-गैरसोय होत नाही. मुलगा सुटला तर ‘वाया गेला’ असे निदान म्हणतात तरी. मुलगी सुटली तर ‘मोठी झाली’ म्हणतात. तिचे नुकसान शब्दातसुद्धा येत नाही.

शब्द खटकतात हे सरकारच्याही लक्षात येते, नाही असे नाही. २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाची भूमिका अशीच होती की प्रत्येक मूल शिकू शकते. भूमिका उत्तम. पण मुलांची मोजणी ‘प्रगत’ आणि ‘अप्रगत’ अशी होऊ लागली आणि थोड्याच दिवसांत शिक्षकांच्या तोंडी ‘माझ्या वर्गात सात अप्रगत आहेत’ हे वाक्य बसले. पूर्वी सात ‘ढ’ होते. त्याच सुमारास दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरून ‘नापास’ हा शेरा काढण्याचे ठरले आणि त्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’, ‘पुनर्परीक्षेस पात्र’ असे शेरे आले. हेतूबद्दल शंका नाही. निकालाच्या दिवशी पोर जीव देऊ नये, ही काळजी खरी आहे. पण माझ्या मनात एक सल राहतो. पुस्तकात जो कमी पडला त्याला हातकाम द्या, हा विचार आपल्या समाजाला नवीन नाही. ज्यांच्या पणजोबांना शाळेबाहेर ठेवून हातकामच वाट्याला दिले होते, त्यांच्या पणतवाला शाळा दहा वर्षे आत बसवून पुन्हा तेच सांगते, आणि तेही ‘पात्र’ या गौरवाच्या शब्दात! कौशल्य शिकणे कमीपणाचे नाही. सुतारकाम, वायरिंग, मोटार दुरुस्ती ज्याला आवडते त्याने ते पहिल्या वर्गाच्या गुणांनी पास होऊनही शिकावे. शिक्षा म्हणून दिले की त्या कलेचाही अपमान होतो आणि मुलाचाही.

दुसऱ्या टोकाला जे पास होतात त्यांच्यासाठीही शिक्के तयार असतात. ‘कॅटेगरीवाला’, ‘सरकारी जावई’. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात आपल्या मुलाचे गुण विचारले जातात ते कुतूहलाने नव्हे. विद्यार्थी मित्रहो, यासाठी एक आकडा जवळ ठेवा. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा अडतीससुद्धा नव्हेत. आजच्या कोणत्याही गुणगौरव यादीत हे नाव आले नसते. तरीही त्या वेळी सत्कार झाला, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. साताऱ्याच्या शाळेत ज्याला गोणपाटावर वेगळे बसवले होते, तो मुलगा बागेत एकटा वाचत बसतो हे केळुस्करांनी आधीच पाहिले होते. त्यांनी त्याला गुण विचारले नाहीत, काय वाचतोस ते विचारले. बडोद्याच्या महाराजांपर्यंत त्याची गोष्ट नेली तीही त्यांनीच.

मात्र थोरांच्या गोष्टी सांगताना एक सावधगिरी हवी. फ्रेझरपुऱ्यातील नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले न्यायमूर्ती भूषण गवई २०२५ साली देशाचे सरन्यायाधीश झाले, याचा अमरावतीकरांना रास्त अभिमान आहे. पण ‘ते शिकले, मग तू का नाही?’ असे विचारून त्या अभिमानाची छडी करू नये. घरी रामजी सुभेदारांसारखा पहाटे उठवून अभ्यासाला बसविणारा बाप, दादासाहेब गवईंसारखा सार्वजनिक कार्यकर्ता बाप, हे प्रत्येकाला लाभत नाही. बाबासाहेबांना हे ठाऊक होते. म्हणूनच १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर तिने पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह काढले. मुलांना उपदेश करण्याआधी त्यांना बसायला जागा, दिवा आणि दोन वेळचे जेवण दिले.

बौद्ध वाङ्मयात चुल्लपंथकाची कथा आहे. आपल्या विहारांत अंगुलिमालाची जितकी सांगितली जाते तितकी ही सांगितली जात नाही, म्हणून थोडी विस्ताराने देतो. दोघे भाऊ, दोघेही प्रवासात वाटेवर जन्मले म्हणून दोघेही पंथक. थोरला महापंथक बुद्धिमान. धाकटा संघात आला, पण चार महिन्यांत त्याला चार चरणांची एक गाथा पाठ होईना. दुसरा चरण घोकला की पहिला विसरे. भाऊच तो, त्याने लाजेने आणि रागाने सांगितले की तुझ्याच्याने हे व्हायचे नाही, घरी जा. त्याच सुमारास जीवक वैद्याने संघाला भोजनाचे आमंत्रण दिले होते आणि भिक्षूंची मोजणी महापंथकाकडे होती. त्याने धाकट्याला सोडून सर्वांची नावे दिली. पहाटे धाकटा रडत विहाराच्या दारात उभा असताना तथागत तेथे आले. त्यांनी त्याला दुसरी सोपी गाथा दिली नाही. पाठांतराचा मार्गच बाजूला ठेवला. एक स्वच्छ पांढरा कपडा हातात दिला आणि ‘रजोहरणं’ म्हणजे मळ काढणे, एवढा एक शब्द म्हणत तो चोळत राहा म्हणून सांगितले. कपडा मळत गेला, आणि स्वच्छ वस्तूही बदलते, टिकत नाही, हे त्याने हाताने आणि डोळ्यांनी समजून घेतले. इकडे जीवकाच्या घरी पंगत बसली. दानाचे पाणी सोडायची वेळ आली तेव्हा भगवंतांनी पात्रावर हात ठेवला आणि विचारले, विहारात कोणी राहिले तर नाही ना? चुल्लपंथकाला बोलावून आणेपर्यंत त्यांनी भोजन सुरू होऊ दिले नाही.

पुढे अट्ठकथेत चमत्कार येतात ते सोडून द्या. पूर्वजन्मी त्याने एका मंद भिक्षूची टिंगल केली म्हणून तो या जन्मी मंद झाला, असेही एक कारण तेथे दिलेले आहे. ते मला मुळीच मान्य नाही. बाबासाहेबांनी शिकवलेला धम्म मानणाऱ्या कोणालाही ते मान्य होऊ नये. न शिकण्याचे खापर गेल्या जन्मावर फोडणे हा तर सर्वांत पक्का शिक्का झाला. त्यावर अपीलच नाही. कथेतला कपडा खरा, पात्रावरचा हात खरा.

आता आपल्या हाती असलेल्या काही गोष्टी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, त्यांत निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. आपले पालक या समितीवर निवडून येतात, सही करतात आणि चहा घेऊन परततात. तेथे शाळेला रंग कधी देणार हे विचारण्याआधी दुसरीतली किती मुले वाचतात ते विचारावे. मूल मागे असेल तर ‘अभ्यासात कसं आहे?’ असे गुरुजींना न विचारता ‘याला काय येते आणि कोठे अडते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला विशेषण मिळते, दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे या दोहोंना कायद्याने बंदी आहे. वर्गासमोर ‘दगड’ म्हणणे त्यातच येते, हे मी उशिरा शिकलो. दाखला मिळाला नाही म्हणून आठवीपर्यंत कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही. आणि २०२३ पासून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला आहे, तेव्हा आपल्या गावची शाळा हलणार असेल तर मुलींची एस.टी. किती वाजता, हा प्रश्न ठरावात लिहून घ्यावा.

जे सुटून गेले त्यांच्यासाठीही दारे आहेत. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला बसता येते. मार्चमध्ये राहिलेल्यांसाठी पुरवणी परीक्षा २०१५ पासून त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस, जुलैच्या सुमारास होऊ लागली. पूर्वीसारखी ऑक्टोबरची वाट पाहून वर्ष घालवावे लागत नाही. शाळा सोडून काही वर्षे झालेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावी-बारावी देता येते. तो परीक्षेच्या बराच आधी भरायचा असल्यामुळे जानेवारीत जाग येऊन उपयोग नसतो. ज्यांची पाचवी-आठवीच राहिली आहे त्यांना राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची सोय आहे. ‘सतरा नंबरवाला’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरणाऱ्यांना विचारावे की दिवसा हमाली करून रात्री दहावीचा अभ्यास करणाऱ्याला ते आणखी काय म्हणणार आहेत.

संस्थेकडे गुणगौरवाची वही आहे. तिच्यात टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने नावे असतात. दुसरी एक वही केली पाहिजे: वस्तीतील कोणता मुलगा, कोणती मुलगी, कोणत्या इयत्तेतून, कोणत्या महिन्यात शाळेत येईनाशी झाली, आणि त्या आठवड्यात घरी काय चालले होते. टक्केवारीचा रकाना नको. निकालानंतरच्या पहिल्या रविवारी चार जणांनी ती वही घेऊन घरोघर जायचे आणि सतरा नंबरच्या फॉर्मची तारीख त्याच पानावर लिहून ठेवायची. माझ्या हातून सुटलेल्या मुलांपैकी अकरा जणांची नावे मला अजून आठवतात. तेवढी मी पहिल्या पानासाठी देऊन ठेवली आहेत.